काटा फुल, दिवा लागतो, पण गाडी ढिम्म हलत नाही!

प्रश्न : माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, ७९ वर्षांचे आहेत. गुडघ्यांमुळे फार चालवत नाही, म्हणून दोन वर्षांपूर्वी ओळखीच्यांकडून सेकंडहँड मोबिलिटी स्कूटर घेतली. चार चाकं, वर खुर्ची, बॅटरीवर चालणारी. सकाळी दूध, मग वाचनालय, संध्याकाळी तलावपाळी, असं त्यांचं छान चाललं होतं. यंदा पाऊस इतका लागला की बरेच दिवस गाडी पार्किंगमधून बाहेर निघालीच नाही. त्यात गणपतीला आम्ही गावी गेलो. जाताना गाडी चार्जिंगला लावून गेलो होतो. सोसायटीचा गणपती पार्किंगमध्येच बसतो. परत आलो तर गाडी आमच्या जागेवर नव्हती, मागच्या जिन्याखाली होती. आता चावी फिरवली की दिवा लागतो, काटा हिरव्यावर जातो, पण लिव्हर दाबला की नुसतं बीप बीप. गाडी ढिम्म हलत नाही. नाक्यावरच्या इलेक्ट्रिक स्कूटरवाल्याने झाकणही न उघडता सांगितलं, "कंट्रोलर गेला. ओरिजिनल मिळणार नाही. ई-रिक्षाचा बसवून देतो, १४ हजार होतील." आमचे हे म्हणतात, विकून टाकू आणि साधी व्हीलचेअर घेऊ. अण्णा काही बोलत नाहीत, पण तेव्हापासून घराबाहेर पडलेले नाहीत. काय करावं? माहितीपुस्तक आमच्याकडे नाही.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, कंट्रोलरसाठी, म्हणजे मोटरला वीज द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या त्या इलेक्ट्रॉनिक डब्यासाठी, एक रुपयाही देऊ नका. निदान आज तरी नाही.

तुम्ही सहज लिहून गेलात त्या एका वाक्यातच बहुतेक उत्तर आहे. गाडी तुमच्या जागेवरून मागच्या जिन्याखाली गेली, आणि चावी तर तुमच्याजवळ गावी. मग गेली कशी? अशी चारचाकी बॅटऱ्यांसकट सहज ५०-६० किलोच्या वर भरते, आणि बंद असताना तिचा ब्रेक लागलेलाच असतो. नुसतं ढकलून ती सरकत नाही. म्हणजे मंडपवाल्या पोरांनी एकतर चौघांनी मिळून उचलली, नाहीतर त्यांच्यातल्या एखाद्या हुशाराने मागचा खटका पाडला आणि आरामात ढकलत नेली. माझा अंदाज दुसरा. गणपतीच्या गडबडीत उचलाउचली कोण करतो?

हा खटका मागच्या चाकांपाशी, मोटरच्या बाजूला असतो. बहुतेक वेळा लाल किंवा पिवळा. कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे, कुठे सीटच्या मागे झाकणातून वर आलेला. त्याच्याजवळ दोन खुणा असतात, उघड्या-बंद कुलपाची चित्रं किंवा इंग्रजी अक्षरं. एका बाजूला असला की मोटर आणि चाक जोडलेलं, ब्रेक लागलेला. दुसऱ्या बाजूला केला की ब्रेक सुटतो आणि गाडी हाताने ढकलता येते. बहुतेक गाड्यांत या खटक्याला एक छोटा स्विच जोडलेला असतो. खटका सुटा आहे हे कंट्रोलरला त्यातून कळतं आणि तो मोटरला वीजच देत नाही. दिवा लागणार, काटा फुल दाखवणार, बीप वाजणार, पण गाडी जाणार नाही. तुमच्या गाडीचं वागणं शंभर टक्के या वर्णनात बसतं.

तेव्हा आधी चावी बंद करा. खटका शोधा आणि जोडलेल्या बाजूला पूर्ण नेऊन बसवा, अर्धवट नको. मग गाडी हाताने थोडी पुढेमागे हलवून बघा. सरकली नाही, अडून राहिली, म्हणजे ब्रेक लागला. आता चावी चालू करा. चावी बंद करून पुन्हा चालू करणं इथे फार महत्त्वाचं आहे, आणि नेमकं तेच लोक विसरतात. चावी चालू असताना खटका बसवला तरी कंट्रोलर आधीची तक्रार धरून बसतो, नव्याने चालू केल्याशिवाय सोडत नाही. मग माणसं म्हणतात, "खटका पण बघितला, काही उपयोग नाही."

हे करताना अण्णांना गाडीवर बसवू नका. ही गोष्ट मी एरवीही प्रत्येकाला बजावून सांगतो. खटका सुटा असेल तर या गाडीला ब्रेक नसतो. तिचा रोजचा ब्रेक म्हणजे मोटर आणि मोटरच्या टोकाला बसवलेला, स्प्रिंगने आवळला जाणारा ब्रेक. खटका पाडला की दोन्ही निकामी. काही मोठ्या मॉडेल्सना हँडलवर हाताचा ब्रेक असतो, पण सगळ्यांना नाही. तुमच्या पार्किंगला रस्त्याकडे उतार असेल आणि कोणी "अण्णा, तुम्ही बसा, मी ढकलतो" म्हणालं, तर ते प्रेमाने केलेलं भलतं धाडस होईल.

आता दुसरा धागा. जाताना तुम्ही चार्जर लावून गेला होतात. मंडपाच्या लायटिंगला सॉकेट लागतंच, तेव्हा भिंतीतला प्लग कोणीतरी काढला असणार. पण चार्जरची दुसरी पिन गाडीत तशीच राहिली आहे का, ते पाहा. चार्जर गाडीला जोडलेला असेपर्यंत गाडी मुद्दाम चालत नाही, भिंतीतलं बटण बंद असलं तरीही. वायर ताणत गाडी रस्त्यावर जाऊ नये म्हणून ही सोय आहे. हँडलजवळच्या किंवा सीटखालच्या चार्जिंगच्या भोकात पिन अर्धवट अडकलेली असेल, तुटलेला तुकडा असेल किंवा पावसाळ्याचं पाणी शिरलं असेल, तरी गाडी तोच समज करून घेते. भोक कोरड्या कापडाने पुसा, टॉर्च मारून आत बघा.

या गाड्या अशाच आहेत. रस्त्यावरच्या स्कूटरसारखं "चालेल कसंतरी" हे त्यांच्या स्वभावातच नाही. वर बसणारा माणूस पटकन उतरू शकत नाही हे धरूनच त्या बनवलेल्या असतात, म्हणून जरा शंका आली की जागेवर थांबतात. त्यामुळे गाडी हलली नाही की आधी विचारायचं, हिला कसली शंका आली आहे? आणि ती शंका ती सांगतही असते, बीपमधून.

ते बीप मोजा. चावी चालू करा आणि बीप किती वाजतात किंवा दिवा किती वेळा लुकलुकून थांबतो, पुन्हा तितक्याच वेळा तसंच होतं का, हे कागदावर लिहा. कोणत्या आकड्याचा अर्थ काय, हे कंपनीगणिक बदलतं, म्हणून मी इथे यादी देत नाही. बॅटरी, चार्जर, खटका, लिव्हर, मोटर, ब्रेक, प्रत्येकाचा वेगळा आकडा असतो. सीटखाली किंवा मागच्या झाकणात कंट्रोलरच्या डब्यावर नाव आणि मॉडेल छापलेलं असतं. त्याचा फोटो काढून ठेवा. पुस्तक नसलं तरी चालतं, कारण या कंट्रोलरचे आकडे त्या नावाने शोधले की सापडतात. आणि तुमच्या नाक्यावरच्या मेकॅनिकला विचारा, "बीप किती वाजले होते?" उत्तर आलं नाही, तर १४ हजारांचं निदान त्याने कशावरून केलं ते तुमच्या लक्षात येईल.

हँडलकडेही एक नजर टाका. चावी चालू करताना लिव्हर मधोमध, मोकळा असावा लागतो. तो जरासा दाबलेला असताना चावी फिरवली तर गाडी अडून बसते. आपल्याकडे हँडलला पिशव्या लटकवायची सवय असते, पावसाळ्यात वरून प्लास्टिकचं कव्हर किंवा रेनकोट टाकलेला असतो. त्याने लिव्हर दाबला जातो. महिनाभर दमट हवेत उभ्या गाडीचा लिव्हर दाबून सोडल्यावर झटकन मध्ये परत येत नाही, असंही होतं. दोन्ही बाजूंना आठ-दहा वेळा दाबून सोडून बघा. वेगाच्या गोल बटणावर ससा आणि कासव असतात. काटा पूर्ण कासवावर असेल आणि पुढचं चाक उंबऱ्याला किंवा फरशीच्या कडेला अडलं असेल, तर गाडीला ते ओलांडायचं बळ राहत नाही आणि बंद पडल्यासारखी वाटते. शिवाय बराच वेळ काही न करता चावी चालू राहिली तर अनेक गाड्या आपोआप झोपी जातात. चावी बंद-चालू केली की जाग्या होतात. सीटखाली किंवा बॅटरीच्या डब्यावर एक छोटं दाबायचं बटणही शोधा. जास्त करंट गेला की ते बाहेर उडतं. एक-दोन मिनिटं थांबून आत दाबायचं. पुन्हा लगेच उडालं तर मात्र दाबत बसू नका, कुठेतरी शॉर्ट आहे.

इथपर्यंत गाडी चालली असेल असं मी धरून चालतो. तरीही बॅटरीबद्दल सविस्तर सांगतो, कारण महिनाभर उभी राहिलेली गाडी आज चालली तरी तलावपाळीला जाऊन परत येईलच असं नाही.

काटा हिरव्यावर आहे यावर फारसा विश्वास ठेवू नका. काटा दाखवतो तो बॅटरीचा निवांत बसलेल्या अवस्थेतला दाब. दिव्याला आणि काट्याला लागणारी वीज किरकोळ. मोटर सुटताना मात्र वीस-तीस अँपिअर ओढते. तेव्हा खरी परीक्षा होते. लिव्हर दाबल्याबरोबर काटा धाडकन लाल रंगात पडत असेल आणि सोडला की पुन्हा हिरव्यावर येत असेल, तर एकतर बॅटरी बसली आहे किंवा कुठेतरी लूज काँटॅक्ट आहे. लूज काँटॅक्ट आधी बघायचा, तो फुकट असतो. पोरांनी गाडी उचलली असेल तर डब्यातल्या बॅटऱ्या जागच्या हलल्या असतील. ज्या गाड्यांत बॅटरीचा डबा हँडल धरून बाहेर काढता येतो, त्यात डब्याच्या खालचे पितळी काँटॅक्ट पाहा. त्यांच्यावर हिरवट-पांढरा थर असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून पुसा.

या गाड्यांत बहुतेक करून १२ व्होल्टच्या दोन सीलबंद लेड-ॲसिड बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. ओळखीचा इन्व्हर्टरवाला किंवा घरातला इंजिनिअरिंगचा मुलगा मल्टिमीटर लावून हे पाहू शकतो. तुम्ही स्वतः पाहणार असाल तर आधी हातातल्या बांगड्या आणि अंगठ्या काढा, मंगळसूत्र पदरात खोचा. २४ व्होल्टचा शॉक बसत नाही, पण दोन टर्मिनलांच्या मध्ये सोन्याची बांगडी टेकली तर ती क्षणात लालबुंद होते आणि मनगट भाजतं. पान्याचंही तसंच, दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळलेला बरा.

रात्रभर पूर्ण चार्ज करा, चार्जर काढा, दोन-तीन तास गाडी तशीच ठेवा आणि मग मोजा. लगेच मोजलं तर आकडा फुगलेला येतो. प्रत्येक बॅटरी वेगवेगळी मोजायची. १२.७ ते १२.९ असेल तर ठीक. १२.२ च्या आसपास म्हणजे निम्म्यावर. पूर्ण चार्ज करूनही एखादी १२ च्या खाली असेल तर ती गेली. पुष्कळदा एक १२.८ आणि दुसरी ११.५ निघते, आणि दुकानदार म्हणतो एकच बदला. नको. जुनी-नवी जोडी लावली की जुनी आधी रिकामी होते, नवी तिच्यामागे फरफटते, आणि काही महिन्यांत तुम्ही दुसऱ्यांदा दुकानात. दोन्ही एकदम, एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या.

चार्जरचा दिवाही बरंच सांगतो. रिकाम्या वाटणाऱ्या बॅटरीला चार्जर लावला आणि अर्ध्या तासात दिवा हिरवा झाला, तर आनंदून जाऊ नका. बॅटरी चार्ज घेतच नाहीये. उलट बॅटरी खूपच खाली गेली असेल तर अनेक चार्जर सुरूच होत नाहीत, त्यांना बॅटरी जोडलेलीच दिसत नाही. आणि चार्जर नुसता मल्टिमीटरला लावून शून्य आलं म्हणून तो बिघडला असंही समजू नका. बऱ्याच चार्जरना बॅटरी समोर असल्याशिवाय वीज सोडायची नसते.

बॅटरी घ्यायचीच झाली तर "डीप सायकल" किंवा जेल प्रकारची मागा. यूपीएसच्या सीलबंद बॅटऱ्या त्याच आकारात, स्वस्तात मिळतात आणि दुकानदार त्याच पुढे करतो. त्या अधूनमधून वीज गेली तर पुरण्यासाठी बनवलेल्या, रोज रिकाम्या करून भरण्यासाठी नव्हेत. कारची बॅटरी तर अजिबात नको. पाणी घालायची ई-रिक्षाची बॅटरी माणूस बसतो त्या सीटखाली ठेवणं मला पटत नाही. ॲसिड सांडतं, चार्जिंगला वायू सुटतो. तुमच्या गाडीत लिथियमची बॅटरी असेल, घडीच्या हलक्या गाड्यांत असते, तर वरचे आकडे तिला लागू नाहीत.

आता समजा खटका बसवला, चार्जर काढला, बॅटऱ्या ठणठणीत, तरी गाडी हलत नाही. मग संध्याकाळी शांत वेळी कोणाला तरी मागच्या चाकांपाशी कान देऊन बसवा, गाडीच्या सरळ मागे किंवा पुढे नव्हे, बाजूला. तुम्ही लिव्हर हलकेच दाबा. मोटरपाशी "टक" असा स्वच्छ आवाज यायला हवा. तो स्प्रिंगचा ब्रेक सुटल्याचा आवाज. टक होतं पण मोटर फिरत नाही, तर बहुधा मोटरचे कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे ठोकळे, झिजले आहेत किंवा मोटरची वायर निघाली आहे. ते काम कोणताही चांगला मोटर रिवाइंडिंगवाला करतो. कार्बन काही शे रुपयांचे असतात. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण चाक नाही, तर पुन्हा खटका किंवा गिअरचा प्रश्न. टक होतच नसेल तर ब्रेकची वायर, लिव्हरच्या आतला भाग किंवा मग कंट्रोलर. वायरिंग नीट निरखायला सांगा. जिन्याखाली, मंडपाच्या प्रसादाच्या खोक्यांशेजारी गाडी दहा-बारा दिवस उभी होती. उंदरांनी वायर कुरतडण्याची शक्यता मी तरी कंट्रोलरच्या आधी धरीन.

ई-रिक्षाचा कंट्रोलर मात्र बसवू देऊ नका, फुकट दिला तरी. मोबिलिटी स्कूटरचा कंट्रोलर नुसती मोटर फिरवत नाही. लिव्हर सोडला की तो गाडी हळूहळू थांबवतो, पूर्ण थांबल्यावर ब्रेक आवळतो, रिव्हर्सला वेग आपोआप कमी करतो, लिव्हरची वायर तुटली तर गाडी सुसाट सुटण्याऐवजी थांबवतो. रिक्षाच्या कंट्रोलरला यातलं काही करायची गरज नसते, कारण रिक्षाला पायाचा ब्रेक असतो आणि चालवणाऱ्याचे गुडघे धड असतात. सोसायटीच्या उतारावर अण्णांनी लिव्हर सोडला आणि गाडी चालतच राहिली, हे चित्र १४ हजार देऊन कशाला विकत घ्यायचं? खरंच कंट्रोलर गेला असेल तर त्याच्या डब्यावरचं नाव आणि नंबर घेऊन व्हीलचेअर आणि पेशंटचं साहित्य विकणाऱ्या मोठ्या दुकानात विचारा. जुनी बंद गाडी सुट्या भागांसाठी मिळते का, तेही.

विकायचा विषय काही दिवस बाजूला ठेवायला घरात सांगा. बंद गाडीला भंगाराचाच भाव येतो. आणि साधी व्हीलचेअर म्हणजे मागे ढकलायला माणूस हवा. अण्णांना वाचनालयात जायचंय ते स्वतः, तुमच्या सवडीने नव्हे. ते गप्प आहेत याचा अर्थ त्यांना व्हीलचेअर मान्य आहे असा मी घेणार नाही.

गाडी सुरू झाली की पहिल्या दिवशी सोसायटीच्या आतच दोन-तीन चकरा मारू द्या, बरोबर कोणीतरी चाला. आणि पावसाळ्यात गाडी बाहेर निघो न निघो, दर पंधरा दिवसांनी रात्रभर चार्जिंगला लावा, सकाळी पिन गाडीतूनही काढा. काही चार्जर भिंतीतून बंद असताना बॅटरीतूनच थोडी थोडी वीज पीत बसतात. खटक्यावर पांढऱ्या रंगाने "हात लावू नये, ब्रेक" असं मोठ्या अक्षरात लिहा, आणि वॉचमनला खटका प्रत्यक्ष दाखवून ठेवा, म्हणजे पुढच्या गणपतीला गाडी हलवावी लागलीच तर परत बसवेल तरी.

एवढं करून जमलं नाही तर पुन्हा लिहा. त्यात तीन गोष्टी हव्यात: बीप किती, टक आवाज येतो की नाही, आणि दोन्ही बॅटऱ्यांचे वेगवेगळे आकडे. सोबत कंट्रोलरच्या डब्याचा फोटो.